हात जोडले तरी डोक्यात यादीच चालू

प्रश्न:

चार महिने झाले, आई अंथरुणाला खिळून आहे. अर्धांगवायू. दिवसा एक मावशी येतात, मी नोकरीवर. रात्री मीच. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहाटे तीनची कूस बदलली की माझी झोप जाते ती जातेच, आणि आता आपल्याच्याने हे होणार नाही असं वाटून जीव घाबरा होतो.

मग प्रार्थनेला बसते. लहानपणापासूनची सवय. पण हल्ली हात जोडले की सुरू: डायपर संपत आलेत, रजा किती उरल्या, भावाचा फोन नाही. तोंड म्हणतं, मी तिथे नसतेच. उठताना उलट वाटतं, आणखी एक काम धड जमलं नाही. आणि खरं सांगू? देवाचा रागही येतो. असं कुणाचं झालंय का? "श्रद्धा ठेवा, सगळं ठीक होईल" एवढं मात्र नको, ते नातेवाईक रोज सांगतात.

प्रतिसाद 1:

बायकोच्या आजारपणात माझं हेच झालं होतं. शेवटी यादीशी भांडणं सोडलं आणि तीच मोठ्यानं सांगायला लागलो. "रजा संपत आल्यात, तुझ्या कानावर घालून ठेवतो." कोणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं! काही दिवस त्यापलीकडे प्रार्थना झालीच नाही. चाललं.

प्रतिसाद 2:

माळ आहे का? 108 मणी पुरे करायचा हट्ट नको, दहा झाले तरी पुष्कळ. शब्द छोटा घ्या आणि श्वास सोडताना म्हणा. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, 23 जणांवरचा. जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना असो की मंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. लक्ष लागो न लागो, श्वास तरी संथ होतो. घाबरल्यावर नेमका तोच आधी बिघडतो.

प्रतिसाद 3:

रागाचं अपराधीपण कशाला? जनाबाईनं विठोबाला काय कमी बोल लावलेत? दळताना, कांडताना त्याच्याशी बोलणारी बाई ती, वेगळं आसन मांडून बसायला तिला वेळ कुठे होता. तुम्हीही बसू नका. हात कामात असतानाच बोला.

आणि भावाला स्पष्ट सांगा. ते देवाकडून व्हायचं नाही.

मूळ प्रश्नकर्ती:

काल पहाटे बसलेच नाही. आईला कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली आणि हात तिथेच ठेवला. तिचा श्वास बाहेर पडला की एक नाम. पंधरा-वीस झाले असतील, मग डायपर आठवले. तेही सांगितले. मग भाऊ आठवला, त्यावर बराच वेळ बोलले, आवाज चढला बहुतेक, कारण आईनं डोळे उघडून बघितलं. राग गेलेला नाही. झोप मात्र लागली, पाचच्या गजरापर्यंत.

भावाला दुपारी फोन केला. शनिवारची रात्र तू ये म्हटलं. "बघतो" म्हणालाय.