प्रति: पानं भरपूर, पण फुलं नाहीत

तुम्ही म्हणताय तुमच्या युट्रिक्युलारियाची (इवल्या फुग्यांनी सूक्ष्म जीव पकडणारी मांसाहारी वनस्पती) कुंडीभर पानं पसरलीत पण फूल नाही, तर मला वाटतं उजेड कमी पडतोय. सँडरसोनाय आणि लिव्हिडा या तिच्या दोन्ही जाती आफ्रिकेतल्या, नाशकात पूर्वेच्या खिडकीत ठेवून बघा. पीट (कुजलेल्या शेवाळाचा भुगा) आणि धुतलेली वाळू निम्मी निम्मी, खाली ताटलीत एक-दोन सेंमी पाणी कायम, पण ते पावसाचं किंवा आरओचंच, बोअरचं क्षार असलेलं अजिबात नको. खत तर नकोच नको, तिचे इवलेसे फुगे मातीतल्या सूक्ष्म जीवांना स्वतःच ओढून घेतात, तेच तिचं खाणं!

आणि प्लीज, अंजनेरीच्या सड्यावरची (कातळ पठारावरची) सीतेची आसवं उपटून आणू नका, तीही युट्रिक्युलारियाच, पण पावसाळी, बी धरलं की मरतातच, कुंडीत टिकणार नाहीत.