'मध्यावकाश' म्हणजे पोकळी का? आणि 'नस' नेमकी कशाला म्हणायची?

भाषांतर करणारा, दादर

छातीच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या हाती द्यायच्या माहितीपत्रकाचे मराठी चालू आहे. 'मेडिआस्टायनम' हा शब्द पानोपानी येतो. मराठी मजकुरात 'मध्यावकाश' दिसतो, हिंदीत 'मध्यस्थानिका'. सरळ 'छातीची मधली पोकळी' लिहिले तर चालेल का? दुसरे म्हणजे, 'नस' हा शब्द रक्तवाहिनीला वापरावा की नर्व्हला?

शरीररचना शिकवणारी, परळ

'पोकळी' कृपा करून लिहू नका. तिथे रिकामे असे काही नाही. उजव्या आणि डाव्या फुप्फुसांच्या पिशव्यांमध्ये उभा, गच्च भरलेला जो भाग उरतो तो मेडिआस्टायनम. पुढे छातीचे मधले हाड, मागे मणके, वर मानेचा पाया, खाली श्वासपटल (छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा). फुप्फुसे त्यात मोजत नाहीत. हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका, थायमस ग्रंथी, चेता (नर्व्ह), लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) हे सगळे त्यातच.

मुंबईच्या वाचकाला इमारतीतला डक्ट सांगावा. दोन फ्लॅटच्या मधून वरपासून खालपर्यंत सगळे पाइप ज्या चिंचोळ्या जागेतून जातात, तसा हा भाग. उपमा आणखी एका कारणाने चपखल आहे: वरच्या मजल्यावरची गळती डक्टमधून खाली उतरते. दाढेच्या मुळाशी किंवा घशामागे झालेला पू मानेतल्या थरांमधून असाच छातीत उतरू शकतो आणि तो प्रकार जिवावर बेततो. म्हणून दाढ सुजलेली असताना ताप, मानेला सूज आणि गिळताना छातीत दुखणे असेल तर थांबायचे नाही, असे पत्रकात जरूर घाला.

'मध्यावकाश' शास्त्रीय लेखात ठेवा. अवकाश म्हणजे जागा, एवढ्या अर्थाने तो बरोबर आहे. रुग्णासाठी 'छातीचा मधला भाग, दोन फुप्फुसांच्या मधला' पुरेसे.

क्ष-किरण विभागातून, शीव

याला माझा जोरदार दुजोरा. 'मध्यावकाश रुंदावला आहे' असे वाचले की माणसाला वाटते, आत जागा मोकळी झाली. प्रत्यक्षात अर्थ उलटा: आत काहीतरी वाढले किंवा साठले आहे. गाठ, फुगलेली महाधमनी, रक्तस्राव. 'एक्स-रेमध्ये छातीच्या मधल्या भागाची सावली रुंद दिसते' असे लिहा.

महाधमनीच्या कमानीच्या पातळीवर 8 सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंदी हा रूढ इशारा आहे, पण तो आकडा डोळे झाकून वापरू नये. रुग्णाला आडवे झोपवून, समोरून, जवळून काढलेल्या फिल्ममध्ये सावली आपोआप मोठी पडते. पूर्ण श्वास घेतला नसेल तर आणखी. म्हणून फिल्म उभ्याने काढली की झोपवून, हे रिपोर्टच्या मराठी गोषवाऱ्यातही यायला हवे. शंका राहिली तर सीटी. छातीतून पाठीकडे फाटत गेल्यासारखी कळ आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात 20 पेक्षा जास्त फरक असेल, तर साध्या एक्स-रेवर समाधान मानायचे नाही.

छातीची शल्यचिकित्सा

आता 'नस'. इथे चूक महागात पडते. 'नस दबली' म्हणताना माणूस नर्व्हबद्दल बोलतो, 'नस कापली' म्हणताना रक्तवाहिनीबद्दल. 'सलाइनला शीर सापडत नाही' मध्ये शीर म्हणजे व्हेन, पण 'मानेची शीर आखडली' मध्ये बहुधा स्नायू. पत्रकात 'नस' एकदाही नको. धमनी, शीर, चेता असे तीन वेगळे शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. विश्वकोशाच्या परंपरेत रोहिणी, नीला, तंत्रिका आहेत. शब्द सुंदर आहेत, मात्र शाळेत 'चेतासंस्था' शिकलेल्या वाचकाला चेता जवळची.

हिंदी मजकुरावरून उतरवताना एक सापळा आहे: हिंदीत 'स्नायु' नर्व्हसाठीही येतो, मराठीत स्नायू म्हणजे मसल. 'स्नायुतंत्र' तसेच उचलले की वाक्याचा अर्थच फिरतो.

शरीररचना शिकवणारी, परळ

चेतांची नावे देताना वाट सांगा, म्हणजे धोका आपोआप कळतो. आवाजाची डावी चेता व्हेगस या मेंदूपासून खाली उतरणाऱ्या मोठ्या चेतेपासून छातीत फुटते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या खाचेतून परत वर स्वरयंत्राकडे जाते. उजवी मात्र मानेच्या पायथ्याशीच, उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते. त्यामुळे छातीतल्या गाठीने किंवा फुगलेल्या कमानीने आवाज बसतो तो बहुतेक डाव्या चेतेमुळे. म्हणूनच या चेतेच्या नावातले 'परतणारी' (रिकरंट) हे विशेषण गाळू नये.

श्वासपटलाची चेता मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मुळांतून निघते आणि फुप्फुसमुळाच्या पुढून उतरते, व्हेगस मागून. पटलाला टोचणी लागली की खांद्याचे टोक दुखते ते याच मुळांमुळे. रुग्ण खांद्याला मलम चोळत बसतो.

भाषांतर करणारा, दादर

मूळ मजकुरात 'चौथ्या-पाचव्या मणक्याच्या पातळीवर' असे आहे. तसेच ठेवू?

शरीररचना शिकवणारी, परळ

नको, 'छातीच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मधल्या चकतीच्या पातळीवर'. मानेचे 7, छातीचे 12, कमरेचे 5. नुसता 'पाचवा मणका' म्हटला की वाचक कमरेला हात लावतो. ही पातळी बोटाने सापडते. गळ्याच्या पायथ्याच्या खळग्यात बोट ठेवा, हाडावरून साधारण 5 सेंटिमीटर खाली या, आडवा उंचवटा लागेल. दुसरी बरगडी तिथे जुळते. मध्यावकाशाचा वरचा आणि खालचा भाग तिथेच वेगळा होतो, महाधमनीची कमान तिथेच सुरू होऊन तिथेच संपते, आणि श्वासनलिका त्याच सुमारास दुभंगते.

छातीची शल्यचिकित्सा

लसीकेच्या (लिम्फच्या) मुख्य नळीला विसरू नका. ती मणक्यांच्या पुढून उजवीकडून चढते आणि छातीच्या पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे ओलांडते. इजा त्याखाली झाली तर पाझर सहसा उजव्या बाजूला साठतो, वर झाली तर डाव्या. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जेवू लागला, तूप-दूध पोटात गेले, की ड्रेनमधले, म्हणजे छातीत घातलेल्या निचऱ्याच्या नळीतले, पाणी दुधाळ होते. 'ड्रेनमध्ये पू आला' असे भाषांतर पाहण्यात येते, ते साफ चूक. 'दुधासारखा पाझर' लिहा.

भाषांतर करणारा, दादर

मग धोक्यांचे वाक्य असे: 'शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला धक्का लागल्यास आवाज जाऊ शकतो.'

छातीची शल्यचिकित्सा

'नसेला' काढा, 'धक्का'ही काढा. 'आवाज जाऊ शकतो' वाचून माणूस कायमचा मुका होण्याच्या भीतीने सही करणार नाही. असे करा: 'आवाजाच्या चेतेला इजा झाल्यास आवाज घोगरा होऊ शकतो आणि पाणी पिताना ठसका लागू शकतो.' ठसक्याचा भाग महत्त्वाचा आहे, कारण पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. घरच्यांनी तो दिसताच वॉर्डात सांगितले पाहिजे.

क्ष-किरण विभागातून, शीव

आकृतीखाली 'डावी-उजवी बाजू रुग्णाची' एवढे छापा. फिल्म समोर धरली की आपल्या उजव्या हाताला रुग्णाची डावी बाजू येते.