टॉवेल कारखान्याच्या अ‍ॅपला टोकनचा एवढा सोपस्कार कशाला?

धोटा:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी अँड्रॉइड अ‍ॅप केलंय. काम एवढंच: पाळी सुटली की मुकादम कोणत्या मागावर किती नग निघाले ते भरतो, सर्व्हर आठवड्याची मजुरी काढतो. सुरक्षेचं सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. अ‍ॅक्सेस टोकन (लॉगिननंतर मिळणारा डिजिटल पास) १५ मिनिटांचं, ते संपलं की नवं मिळवून देणारं रिफ्रेश टोकन दर वापराला बदलणारं, प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीत, तोच पास बेअरर टोकन म्हणून.

शनिवारी, नेमक्या मजुरीच्या दिवशी, तिन्ही मुकादम लॉगआउट! पत्र्याच्या शेडमध्ये रेंज एक काडी. अ‍ॅप उघडलं की तीन विनंत्या एकदम जातात: कामगारांची यादी, मागांची यादी, मागची बाकी. टोकन संपलेलं, तिन्हींना ४०१, म्हणजे 'ओळख पटत नाही' असा नकार. मग तिन्ही रिफ्रेश मागायला धावल्या. पहिलीला नवं मिळालं, दुसरी तेच जुनं टोकन घेऊन दारात. सर्व्हरला वाटलं चोर आला, त्याने सगळंच रद्द केलं. मालकांचा फोन: "पोरं दारात उभी हायत आणि तुझं अ‍ॅप पासवर्ड मागतंय." शेवटी हिशोब वहीवर झाला.

म्हणून माझं मत: असल्या अ‍ॅपला वर्षभराचं एकच टोकन द्यावं. एचटीटीपीएस आहेच, वाटेत कुणाला वाचता येत नाही. ही काय बँक आहे?

कडक_भाकरी:
सर्व्हरचं काही चुकलं नाही. बदलतं रिफ्रेश टोकन असतंच त्यासाठी. वापरून झालेलं टोकन परत आलं म्हणजे ते दोघांच्या हातात आहे. खरा कोण, खोटा कोण हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही, म्हणून तो दोघांनाही बाहेर काढतो. घोळ तुमच्या अ‍ॅपमध्ये आहे. ओकेएचटीटीपी (विनंत्या पाठवणारी लायब्ररी) वापरत असाल तर ४०१ आल्यावर चालणाऱ्या त्याच्या ऑथेंटिकेटरमध्ये म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लावा. एकाने रिफ्रेश करायचं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि आपली पाळी आली की आधी बघायचं: मी पाठवलं होतं तेच टोकन अजून साठवलेलं आहे, की कुणी बदललं? बदललं असेल तर नवं उचलून विनंती पुन्हा पाठवायची. दहा-पंधरा ओळी होतील.

वर्षभराचं टोकन म्हणाल तर, एचटीटीपीएस वाटेवर राखण करतं. फोन हरवला, किंवा तुम्हीच डीबग करताना हेडर लॉगमध्ये छापून ठेवलं, तिथे ते काय करणार? बेअरर टोकन म्हणजे ज्याच्या हातात त्याचं.

नवी_पेठ:
धोटाशी सहमत. मी तर त्याहून सोपं केलंय. दुकानदारांच्या ऑर्डरचं अ‍ॅप आहे, एपीआय की (सर्व्हरला दाखवायचा गुप्त शब्द) अ‍ॅपमध्येच ठेवली, सगळ्यांना एकच. दोन वर्षं झाली, एक तक्रार नाही.

कडक_भाकरी:
कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवलीत राव. एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, ही झिप फाइलच. जॅडएक्स या कोड उलगडणाऱ्या टूलमध्ये टाकली की कोड वाचता येतो, की शोधायला चहा गार होईपर्यंतही वेळ लागत नाही. मोबाईल अ‍ॅपसाठीच्या ओऑथच्या (टोकन देण्याघेण्याच्या पद्धतीच्या) नियमात, २०१७ च्या आरएफसी ८२५२ या दस्तऐवजात, स्पष्ट आहे: अनेकांना वाटलेल्या अ‍ॅपमधलं गुपित हे गुपित धरू नये. आणि तक्रार नाही म्हणता, पण सगळ्यांची की एकच असेल तर लॉगमध्ये दिसणार तरी काय?

धोटा:
म्यूटेक्स लावला, तीन विनंत्यांचं भांडण मिटलं. चूक माझीच होती. पण काल दुसरंच झालं. रिफ्रेशची विनंती सर्व्हरला पोचली, त्याने जुनं टोकन बाद केलं, नवं पाठवलं, आणि तेवढ्यात रेंज गेली. नवं टोकन फोनला मिळालंच नाही. मुकादम परत बाहेर! आता यात अ‍ॅपची काय चूक? पत्र्याच्या शेडमध्ये बसून हे नियम कुणी लिहिलेले दिसत नाहीत.

कडक_भाकरी:
हे मात्र खरं. म्यूटेक्सने हे सुटत नाही, सर्व्हरलाच थोडं सैल सोडावं लागतं. नवं टोकन पहिल्यांदा वापरलं जाईपर्यंत जुनं चालू ठेवा, किंवा जुन्याला थोडी सवलतीची मुदत द्या. चोराला तेवढी फट मिळते, मान्य. तरी वर्षभराच्या टोकनपेक्षा ती बरी.

मोजणी:
तुम्ही दोघं टोकनवर भांडताय. फोन कुणाच्या हातात आहे, हे कुणी विचारलं का?

मी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटचा हिशोब बघते. तिथे टेबलावर एकच फोन. सकाळच्या मुकादमाचं लॉगिन, रात्रपाळीवाला त्यावरच नग भरतो. टोकन अस्सल, सही बरोबर, मुदत शिल्लक, आणि नोंद भलत्याच माणसाच्या नावावर. यावरून आमच्याकडे महिनाभर तोंडं फिरवून बसले होते लोक. आता फोनला लांब मुदतीचं टोकन आहे आणि पाळी बदलली की ज्याचा त्याने पिन टाकायचा.

दुसरं, ४०१ आलेली विनंती परत पाठवायला हरकत नाही, सर्व्हरने ती दारातूनच परत लावलेली असते. उत्तरच न आलेली मात्र आत गेली असू शकते. आमच्याकडे ४० नगांचे ८० झाले होते. फोनवर नोंद होतानाच तिला वेगळा क्रमांक द्या, परत पाठवताना तोच ठेवा, म्हणजे सर्व्हर दुसऱ्यांदा धरणार नाही.

धोटा:
ताई, पिन फोनच्या पाठीवर लिहून ठेवतील.

मोजणी:
ठेवू देत. मग पाठीवर कुणाचा पिन आहे ते तरी दिसेल.

धोटा:
ठीक. रिफ्रेश टोकन ९० दिवसांचं करतो, नवं वापरेपर्यंत जुनं चालेल, नोंदीला क्रमांक आणि पाळीला पिन. पंधरा मिनिटांचा हट्ट मात्र मला अजून पटलेला नाही, तासभर करणार आहे.

कडक_भाकरी:
करा. टोकन साध्या प्रेफरन्सेसमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) उघडं ठेवू नका, अँड्रॉइड कीस्टोअर या फोनच्या किल्ल्यांच्या तिजोरीतल्या कीने कुलूपबंद करा. आणि नवी_पेठ, तुमचं काय ठरलं?

नवी_पेठ:
की बदलायला घेतली. जुनी बंद केली तर अपडेट न केलेल्या सगळ्यांचं अ‍ॅप एकदम बंद पडतंय. सकाळपासून दुकानदारांना एकेक करून फोन लावतोय, आणि जो तो म्हणतोय, "जुनंच चालतंय की."