साल मन्ना : कर्जमाफी की कर्जमुक्ती? (कर्नाटकातल्या तीन गावच्या मराठी भाषकांची चर्चा)

निपाणी : पीकेपीएसच्या (गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थेच्या) कन्नड नोटिशीचं मराठी करायचं आहे. मूळ शब्द ‘साल मन्ना’ (पुण्याकडच्यांसाठी : साल म्हणजे कर्ज, वर्ष नव्हे; मन्ना म्हणजे माफ). ‘कर्जमाफी’ लिहू की ‘कर्जमुक्ती’? ‘माफी’ने शेतकरी गुन्हेगार ठरतो, असं काही सभासद म्हणतात.

खानापूर : अर्धंच खरं आहे ते. माफी म्हणजे क्षमा, तशीच सूटही. फीमाफीत पोरगं अपराधी नसतं. आपण मुंबई इलाख्यात होतो तेव्हा आणेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) उतरली की शेतसारा आधी तहकूब, मग माफ व्हायचा. त्यात पापपुण्य नव्हतं. कर्जाच्या बाबतीत मात्र शेजारी ‘थकबाकीदार’ बसलेला असतो, म्हणून क्षमेचा अर्थ वर येतो.

बेळगाव : आणि मग ‘वेळेवर भरणाऱ्यानं काय पाप केलं?’ हा सवाल ठरलेलाच. सरकारला त्याची सोय योजनेतच लावावी लागते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ होता. थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी आणि नियमित फेडणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजारांचं ‘प्रोत्साहन’. २०१९ मध्ये नाव झालं ‘कर्जमुक्ती’, मर्यादा २ लाख, प्रोत्साहन ५० हजारांपर्यंत. चौकट तीच! २ लाखांच्या वर थकबाकी गेली की माणूस योजनेबाहेर. ही कसली मुक्ती? आपल्याकडे कर्नाटकात जून २०१७ मध्ये सहकारी संस्थांच्या पीककर्जातले ५० हजार सोडले, ते ‘मन्ना’च. तो शब्द निदान फुगवलेला नाही.

निपाणी : मग ‘माफी’च लिहितो.

खानापूर : लिहा की ओ. ‘मुक्ती’ वाचून सभासद समजणार सगळं फिटलं; उरलेली बाकी भरणार नाही आणि व्याज चढत राहील. ‘अमुक रकमेपर्यंत माफ, उर्वरित अमुक तारखेपूर्वी भरावी’ असं एकाच वाक्यात घाला. दोन वाक्यं केलीत तर दुसरं कुणी वाचत नाही.

बेळगाव : ‘निर्लेखित’ (राइट-ऑफ) मात्र चुकूनही नको. निर्लेखनात बँक बाकी आपल्या ताळेबंदातून काढते, वसुली थांबत नाही. आणि ‘बेबाकी दाखला’ (काही देणं उरलं नाही असा दाखला) हा शब्द पूर्ण कर्ज फिटलेल्यांपुरताच ठेवा. त्यांनाही सांगा, आपल्याकडच्या जमिनीच्या उताऱ्याच्या ११ व्या रकान्यातला कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघून घ्या. पलीकडे महाराष्ट्रात सातबारा असेल तर ‘इतर हक्क’ बघायचे.