‘स्लीप ऑन इट’ म्हणजे झोपणे नव्हे, तर मग काय? इंग्रजीतील झोपेच्या वाक्प्रचारांविषयी

अमळनेरची_लेक (प्रश्न):

नमस्कार मंडळी. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून सध्या मी घरूनच एका परदेशी ग्राहकाच्या हिशेबाचे काम पाहते. मागच्या आठवड्यात मी पाठवलेल्या दरपत्रकावर तिकडच्या बाईंचे एका ओळीचे उत्तर आले, ‘लेट मी स्लीप ऑन इट’. तिकडे रात्र झाली असेल आणि बाई झोपायला निघाल्या असतील, असे समजून मी ‘गुड नाइट’ लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दर मान्य असल्याचे कळवले, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की त्या विचारासाठी रात्रभराची सवड मागत होत्या. त्याआधी त्यांच्याच एका सहकाऱ्याने रविवारी ‘आय स्लेप्ट इन’ असे लिहिले होते. त्यावर मी मोठ्या आपुलकीने ‘गजर लावत जा’ असा सल्ला दिला होता. तो बिचारा नुसते हसण्याचे चिन्ह पाठवून गप्प बसला.

मला पाठांतरासाठी यादी नको आहे, याद्या पुष्कळ सापडतात. या प्रयोगांमागे काही सूत्र आहे का, आणि त्यांतले कोणते कामाच्या पत्रात चालतात, हे कोणी समजावून सांगेल का?

धुळ्याचे_निवृत्त_मास्तर:

ताई, सूत्र आहे आणि ते आपल्या मराठीतच दडलेले आहे. ‘मी झोपलो’ आणि ‘मला झोप लागली’ या दोन वाक्यांतला फरक शाळेत न गेलेली आजीसुद्धा अचूक पाळते. पहिल्यात कर्ता मी आहे. दुसऱ्यात झोप येऊन मला गाठते आणि माझे काही चालत नाही. ‘ताणून दिली’, ‘आडवा झालो’, ‘पाठ टेकली’ ही आपण केलेली कृत्ये आहेत, तर ‘डोळा लागला’ ही आपल्यावर गुदरलेली गोष्ट आहे. इंग्रजीत हा भेद विभक्तीने दाखवता येत नाही, म्हणून ते काम क्रियापदाला जोडलेल्या लहानशा शब्दावर किंवा निराळ्या क्रियापदावर येऊन पडते. ‘नॉड ऑफ’, ‘डोझ ऑफ’, ‘ड्रॉप ऑफ’ या सगळ्यांत माणूस नकळत झोपेत घसरतो; ‘नॉड ऑफ’मध्ये तर मान खाली पडते तेही दिसते, म्हणजे आपले पेंगणेच. उलट ‘टर्न इन’, ‘हिट द हे’, ‘हिट द सॅक’ म्हणणारा माणूस ठरवून अंथरुणाकडे निघालेला असतो.

तुमच्या सहकाऱ्याचा ‘स्लेप्ट इन’ याच कसोटीला लावून पाहा. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम उशिरापर्यंत लोळत राहणे म्हणजे ‘स्लीप इन’, आणि उठायचे असूनही जाग न येणे म्हणजे ‘ओव्हरस्लीप’. त्याने रविवारचे सुख सांगितले आणि तुम्ही त्याचे सांत्वन केलेत! (ब्रिटनमध्ये काही ठिकाणी पहिला शब्द दुसऱ्या अर्थानेही ऐकू येतो, पण दिवस रविवारचा असल्याने इथे शंका राहत नाही.)

‘स्लीप ऑन इट’ हा प्रयोग सोळाव्या शतकापासून चालत आला आहे आणि तो पूर्णपणे सभ्य आहे. ग्राहकाला, वरिष्ठाला, कोणालाही लिहावा. आपल्याकडे ‘ऑन’च्या जागी ‘ओव्हर’ घालून हेच म्हणण्याची सवय आहे, तो तिकडे रूढ नाही, आणि ‘स्लीपओव्हर’ असा एकच शब्द केलात तर मुलांनी मित्राकडे रात्री मुक्कामाला जाणे असा अर्थ होईल. ‘आय वोन्ट लूज स्लीप ओव्हर इट’ म्हणजे ‘त्यापायी माझी झोप उडणार नाही’, हेही पत्रात चालते. ‘लेट स्लीपिंग डॉग्ज लाय’ मात्र जपून वापरा. झोपलेल्या कुत्र्याला उठवू नये ही कल्पना चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीच्या काव्यातही आली आहे. आपण अशा वेळी ‘गाडलेली मढी कशाला उकरायची’ असे म्हणतो. जुन्या थकबाकीविषयी ग्राहकाला हे लिहिलेत, तर आपण काहीतरी दडवत आहोत असा त्याचा समज होईल.

सांधा_बदलला (भुसावळ):

मास्तरांच्या उत्तरात आमच्या खात्याची भर घालतो. ‘अस्लीप ॲट द स्विच’ हा वाक्प्रचार अमेरिकेतील रेल्वेतून आला आहे. तिकडे ‘स्विच’ म्हणजे रुळांचा सांधा, ज्याला आपण आणि इंग्रज ‘पॉइंट’ म्हणतो. पूर्वी हा सांधा हाताने बदलावा लागे, आणि त्या माणसाला नेमकी गाडी येण्याच्या वेळी डुलकी लागली तर काय अनर्थ होईल, हे भुसावळच्या माणसाला समजावून सांगायला नको. पुढे मोटारी आल्यावर ‘अस्लीप ॲट द व्हील’ रूढ झाले. दोन्हींचा अर्थ जबाबदारीच्या जागी बसून गाफील राहणे असा होतो आणि हा आरोप फार जड आहे, त्यामुळे जांभई देणाऱ्या सहकाऱ्याला थट्टेनेही असे लिहू नये.

जाता जाता आणखी एक. रुळांखालच्या आडव्या तुळयांनाही इंग्रज ‘स्लीपर’ म्हणतात, अमेरिकन त्यांनाच ‘टाय’ म्हणतात. आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला ‘स्लीपर मोजून ये’ असे सांगितले, तर तो शयनयान डब्याकडे चालू लागतो, हा विनोद किती पिढ्यांचा आहे कोणास ठाऊक.

केळीबाग_रावेर:

मी ‘स्लीप टाइट’विषयी असे वाचले होते की पूर्वी पलंगाला दोऱ्या असत, त्या सैल झाल्या की ताणून घट्ट कराव्या लागत आणि त्यावरून हा शब्द आला. मला ते लगेच पटले, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात अजूनही अंगणात सुंभाची बाज टाकतात आणि पायथ्याची दोरी सैल झाली की माणूस मधल्या खळग्यात झोळीसारखा लोंबतो. हे खरे आहे का?

धुळ्याचे_निवृत्त_मास्तर:

दादा, कथा गोड आहे, बाज खरी आहे, पण व्युत्पत्ती टिकत नाही. ‘टाइट’ या शब्दाचा एक जुना अर्थ ‘नीट, गाढ, पक्के’ असा होता आणि ‘स्लीप टाइट’मध्ये तोच उरला आहे. हा प्रयोग लेखी सापडतो तो १८६६ पासून. वाक्प्रचाराला चटकन पटणारी गोष्ट जोडलेली दिसली की मी आधी संशय घेतो. ‘हिट द हे’ आणि ‘हिट द सॅक’ यांच्या बाबतीत मात्र गवत आणि पोते खरेच आहे, कारण अमेरिकेत गवत भरलेल्या गाद्या आणि पोत्याच्या कापडाचे अंथरूण वापरात होते. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणणाऱ्या आपल्या माणसाला त्याचे नवल वाटू नये.

जळगावची_रातकिडी:

कामाच्या पत्रापुरते मास्तरांचे उत्तर पुरेसे आहे, मी फक्त गप्पांमधल्या शब्दांविषयी लिहिते. ‘क्रॅश’ म्हणजे थकून कोसळल्यासारखे झोपणे, किंवा आयत्या वेळी कोणाकडे तरी पथारी पसरणे. पण मोटारीच्या किंवा संगणकाच्या संदर्भात हा शब्द वापरलात तर समोरचा घाबरेल. ‘किप’ म्हणजे झोप किंवा डुलकी, हा शब्द ब्रिटनमध्ये चालतो, अमेरिकेत फारसा कळत नाही. ‘कॅच सम झीज’ म्हणजे थोडी झोप काढणे, यातला झी म्हणजे चित्रकथांत घोरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काढलेले शेवटचे इंग्रजी अक्षर. प्रयोग अमेरिकन असल्याने उच्चारही तसाच ठेवावा, ‘झेड’ म्हटले की गंमत जाते.

‘ऑल-नायटर’चा अर्थ पुष्कळ जण ‘जागरण’ असा लावतात, तो अर्धाच बरोबर आहे. परीक्षेसाठी किंवा काम संपवण्यासाठी रात्रभर जागणे म्हणजे ‘पुल अॅन ऑल-नायटर’. कानबाईच्या रात्री आपण जागतो त्याला तो शब्द लावला, तर देवीसमोर गाणी म्हणण्याऐवजी आपण तिथे हिशेब तपासत बसलो होतो असे वाटेल. आणि ताई, कृपया हे लक्षात ठेवा की ‘स्लीप विथ’ म्हणजे शेजारी झोपणे नव्हे, त्यातून शरीरसंबंध सूचित होतो. लहानपणी आजीजवळ झोपायचे असे सांगायचे असेल, तर ‘शेअर्ड अ बेड’ किंवा ‘स्लेप्ट इन द सेम रूम’ म्हणावे.

अमळनेरची_लेक:

सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटची अडचण आहे. काल वडिलांना शेतीच्या विजेची रात्रीची पाळी होती, आम्ही दोघे पाणी द्यायला मळ्यात होतो, आणि पहाटे साखरझोपेत असताना ग्राहकाचा फोन वाजून गेला. ‘साखरझोप’ला इंग्रजीत काय म्हणतात? ‘ब्यूटी स्लीप’ चालेल का?

धुळ्याचे_निवृत्त_मास्तर:

चालणार नाही. ‘ब्यूटी स्लीप’ म्हणजे रूप टिकावे म्हणून वेळेवर घेतलेली झोप, आणि त्यात थट्टेचा सूर असतो. साखरझोपेतला गोडवा इंग्रजीत एका शब्दात आणता येत नाही, तिथे हट्ट सोडावा. ‘आय वॉज अप ऑल नाइट ऑन द फार्म अँड ड्रॉप्ड ऑफ जस्ट बिफोर यू कॉल्ड’ एवढे लिहा. ‘ड्रॉप्ड ऑफ’मुळे डोळा लागला, तुम्ही मुद्दाम झोपला नाहीत, हे त्यांना आपोआप कळेल.