वेब अ‍ॅनिमेशन: लॉटी घ्यावे की राइव्ह शिकावे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
घोडबंदर रस्त्यावरील एका बालवाडीच्या संकेतस्थळासाठी मी अ‍ॅनिमेशन करीत आहे. मला आफ्टर इफेक्ट्स (हलती चित्रे बनवण्याचे सॉफ्टवेअर) चांगले येते, कोड मात्र जेमतेम. बोट लावताच मान वळवणारा पोपट करायचा असल्यास कोणते साधन निवडावे?

उत्तर १ (वाशी):
आपला पोपट केवळ पंख फडफडवणार असता, तर मी निःशंकपणे लॉटी सुचवले असते. एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुले केलेले हे तंत्र आफ्टर इफेक्ट्समधील काम बॉडीमूव्हिन या प्लगइनद्वारे (जोड-सॉफ्टवेअरद्वारे) संकेतस्थळावर चालणाऱ्या जेसन या मजकूररूपी फाइलमध्ये उतरवते. परंतु तेथील अनेक इफेक्ट त्यात येत नाहीत, म्हणून साध्या शेप लेयरवरच (आकारांच्या थरांवरच) भिस्त ठेवावी लागते. स्पर्शाला प्रतिसाद हवा असेल, तर राइव्ह या अ‍ॅनिमेशन साधनातील स्टेट मशीन (कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जायचे याचा आराखडा) मला अधिक योग्य वाटते, कारण पोपट स्वस्थ केव्हा बसेल आणि मान केव्हा वळवेल हे डिझायनरच ठरवतो व प्रोग्रामरला फक्त इनपुट (उदा. बोटाचा स्पर्श) जोडावे लागते.

उत्तर २ (बेलापूर):
मी सहमत आहे. स्क्रोलनुसार सरकणाऱ्या मजकुरासाठी मात्र जीसॅप ही अ‍ॅनिमेशनची जावास्क्रिप्ट लायब्ररी पाहावी. २०२५ पासून तिचे सर्व प्लगइन विनामूल्य आहेत, पण जावास्क्रिप्ट लिहावीच लागते. आणखी एक कळकळीची विनंती: ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग निवडली आहे, त्यांना स्थिर चित्रच दिसेल अशी व्यवस्था अवश्य करावी.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. पोपट राइव्हमध्ये करतो. ढगांसाठी लॉटी पुरेसे आहे.