प्रति: पट्टा लावूनही हिरवा दिवा चालूच

वेताळ टेकडीवर नाडी मोजणारा छातीचा पट्टा लावून पळतानाही गार्मिन घड्याळाच्या मागचा, मनगटावरून नाडी मोजणारा हिरवा दिवा चालू का राहतो, असं वर विचारलंय. सेन्सर्सच्या मेनूत रिस्ट हार्ट रेट, मग स्टेटस उघडा आणि ‘ऑटो’ ठेवा. पट्टा जोडलेला असेल तर घड्याळ सहसा त्याचेच आकडे घेतं. खरी गोम पट्ट्यात असते: आतल्या बाजूचे पॅड कोरडे असले की तो जागाच होत नाही, मग मनगटावरचा सेन्सर काम करत राहतो. निघण्याआधी पॅड पाण्याने चांगले ओले करा, नुसता हात फिरवून भागत नाही. स्टेटस ‘ऑफ’ मात्र कृपया करू नका. विश्रांतीची नाडी, स्ट्रेस, अशा मनगटावरच्या नाडीवर चालणाऱ्या नोंदी थांबतात. घड्याळ काढून ठेवताना कुशीवर ठेवा. सेन्सर टेबलाला टेकला तर त्याला ते मनगटच वाटू शकतं.